एकसष्ट येऊ दे

आमच्या घरी पत्रांना नंबर असत. माझे वडील टपाल खात्यात होते. हुद्दा मिरवण्यासारखा नव्हता. आयुष्यभर लोकांची पत्रं हातात घेतली, गाव वाचलं आणि त्या त्या गावाच्या खणात टाकली, एवढंच काम. पण त्या कामानं त्यांच्या अंगात जी शिस्त मुरली ती घरी आली तरी उतरत नसे. पत्राला तारीख नसली तर ते पत्र वाचण्याआधी लिहिणाऱ्याचा उद्धार होई. पिनकोड विसरणाऱ्या नातेवाइकांना आमच्या घरी फारसं प्रेम मिळत नसे.

माझा मोठा भाऊ, माझा दादा, शिकायला अमेरिकेला गेला त्याला आता पन्नास वर्षं होत आली. त्याला सोडायला आम्ही सगळे पुणे स्टेशनवर गेलो होतो. आई पदर डोळ्यांना लावून उभी होती. बाबांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की प्रत्येक पत्रावर बाहेर उजव्या कोपऱ्यात नंबर घालायचा, मीही घालीन, म्हणजे मधलं कुठलं राहिलं तर कळेल. दुसरी गोष्ट गाडी सुटता सुटता सांगितली. "जातोयस तर पाय रोवून राहा. अर्ध्यावरून पळून येणारी माणसं मला आवडत नाहीत." दादा हसला आणि वाकून नमस्कार करायचा राहिला म्हणून दारातूनच हात जोडले त्यानं. त्या वाक्याचं पुढे काय होणार आहे हे प्लॅटफॉर्मवरच्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत, सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर इतरांच्या घरी दुधाचे खाडे लिहीत, आमच्याकडे दादाच्या पत्रांचे नंबर लिहिलेले असत. पत्राला तिकडून यायला अकरा दिवस आणि इकडून जायला अकरा दिवस. हे अकरा बाबांनी नुसतं गणित करून काढलं होतं आणि ते बहुतेक वेळा खरं निघे. मंगळवारी चारच्या आत टाकलं तर कुठल्या विमानाला मिळेल, गुरुवारवर गेलं तर कसे दोन दिवस फुकट जातील, हे ते आम्हाला जेवताना सांगत. ते स्वतः दर दहा दिवसांनी लिहीत. एरोग्रामचा, घडी घालून स्वतःच पाकीट होणारा, तो निळा कागद पुढ्यात घ्यायचा, टाक झटकायचा आणि पहिली ओळ ठरलेली: "तुझे पत्र क्रमांक अमुक पोचले." ती ओळ लिहिली की त्यांचा चेहरा निवे. शेवटच्या घडीवर दोन बोटं जागा आईसाठी सोडलेली असे. आई त्या दोन बोटांत मेथीचे लाडू, शेजारणीचं बाळंतपण आणि "जपून राहा" इतकं सगळं कोंबत असे. मला जागा उरत नसे. मी कडेनं उभं लिहायची.

त्या पत्रांतला दादा नेहमी अकरा दिवसांनी लहान असे. तो लिही, "आज पहिला बर्फ पडला," आणि आम्ही ते वाचत असू तेव्हा तो बर्फ वितळून गेलेलाही असे. आम्ही मात्र दोन दिवस त्या बर्फात राहत असू. पुण्यात स्वेटर काढायचे दिवस अजून आले नसले तरी आई त्या आठवड्यात शाल घेऊन बसे. मला ते फार आवडायचं. आजही कुणी मला विचारलं की तुला त्या दिवसांतलं काय परत हवं, तर मी ते निळे कागद मागीन.

आता नियमाविषयी. दादाचं आठवं आणि नववं पत्र एकदा उलटसुलट आलं. नववं आधी. त्यात लिहिलं होतं, "आता ताप पूर्ण उतरला, काळजी नको." कुठला ताप, कधीचा ताप, आम्हाला पत्ताच नाही. तीन दिवसांनी आठवं आलं, त्यात एकशेतीन ताप होता. आईला ठाऊक होतं की ताप उतरलाय, तरी ती आठवं पत्र घेऊन दिवसभर रडली आणि संध्याकाळी जेवली नाही. बाबा वैतागले. "उलटं वाचलं की माणूस आधी बरा होतो आणि मग आजारी पडतो. हे चालायचं नाही. यापुढे पत्रं क्रमानं उघडायची. मधला नंबर आला नसेल तर पुढचं थांबेल." आणि तेव्हापासून तसंच झालं. दोनदा-तीनदा पत्रं पुढेमागे आली, दोनेक दिवस देवांच्या फळीवर थांबली, मागचं आल्यावर उघडली गेली. कुणाचं काही अडलं नाही. नियम अंगवळणी पडला.

दादाला जाऊन दोन वर्षं होत आली होती. शिक्षण संपून तो तिकडेच एका कंपनीत तात्पुरता लागला होता. बाबा त्याच वर्षी निवृत्त झाले होते आणि मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. डिसेंबरच्या आठ तारखेला पोस्टमन आला. मी खाली जाऊन पत्र घेतलं आणि जिन्यातच कोपरा बघितला. बासष्ट. एकसष्ट आलेलं नव्हतं.

आई पोळ्या लाटत होती. पिठाचे हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, उघडा ना. एकामागोमाग दोन लिहिलीत त्यानं, काहीतरी असेल."

"एकसष्ट येऊ दे," बाबा म्हणाले.

"तोवर बासष्टचं काय, लोणचं घालू?"

"मुरलं तर बरंच."

बाबांना वाटलं विनोद झाला. मलाही हसू आलं. पत्र देवांच्या फळीवर, अन्नपूर्णेच्या मागे उभं राहिलं. एक दिवस गेला, दोन गेले. आई येता-जाता फळीकडे बघे आणि भांडी जरा जास्त आपटे. चौथ्या दिवशी दुपारी दोघं झोपलेली असताना मी ते पत्र काढून खिडकीशी उजेडात धरलं. कागदाच्या तीन घड्या, शाई एकात एक मिसळलेली, अक्षरं उलटी. काहीच लागेना. एक शब्द तेवढा लागला. तार. मी तो दोनदा वाचला आणि पत्र जागच्या जागी ठेवून दिलं.

हे मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर पत्र उजेडात धरल्याचं कबूल करावं लागलं असतं, आणि दुसऱ्याच्या नावाचं बंद पत्र उजेडात धरणं हे बाबांच्या लेखी खिसा कापण्याच्या बरोबरीचं होतं. शिवाय तार काय, कुणाच्याही पत्रात असू शकते. असं मी स्वतःला सांगितलं. एकोणीस वर्षांची होते, स्वतःचं चटकन पटायचं.

पंधरा तारखेला सकाळी अकराच्या सुमारास एकसष्ट आलं.

बाबांनी आधी पत्रावरचा शिक्का बघितला. कोपऱ्यात नंबराखाली तारीख वीस नोव्हेंबर, शिक्का मात्र तीन डिसेंबरचा. "टपालाचा दोष नाही," ते म्हणाले, "पेटीत पडलंच मुळी तीन तारखेला." कुणाच्या कोटाच्या खिशात राहिलं, का दादाच्याच वहीत, हे आजवर कळलेलं नाही. मग त्यांनी चाकूनं तिन्ही कडा कापल्या आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

दादानं लिहिलं होतं की हडपसरच्या एका कारखान्यानं त्याला बोलावलंय. काम चांगलं आहे, राहायला घरीच राहता येईल. इकडे अमेरिकेतले साहेबही कायम करायला तयार आहेत, पण मग त्यांच्या कागदांवर सही करायची आणि तिथेच मुक्काम करायचा. "खरं सांगायचं तर मला यावंसं वाटतं. पण बाबा, तुम्ही स्टेशनवर जे म्हणालात ते माझ्या कानात आहे. तुम्ही ये म्हटल्याशिवाय मी येणार नाही."

बाबा थांबले. आईनं उठून फळीवरचं बासष्ट त्यांच्या हातात दिलं. तेही त्यांनी मोठ्यानंच वाचलं, पण आवाज आधीचा नव्हता. "साहेबांनी पंधरा डिसेंबरची मुदत दिली आहे. पत्रानं जमणार नसेल तर तार करा. एकच शब्द पुरे. काहीच आलं नाही तर तुमचा स्टेशनवरचा शब्द कायम आहे असं मी समजेन."

मी भिंतीला टेकून उभी होते.

आई ओरडली वगैरे नाही. आमची आई ओरडणाऱ्यांतली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "आठ दिवस. माझ्या देवांच्या पाठीमागे आठ दिवस पोरगं उभं होतं."

बाबांनी कॅलेंडर बघितलं. पंधरा. बघत राहिले. मग एकदम माझ्याकडे वळले. "तिथे आता किती वाजले असतील?"

अकरा दिवसांचा हिशेब तोंडपाठ असलेल्या माझ्या वडिलांना तासांचा हिशेब येत नव्हता. कधी लागलाच नव्हता. मी बोटं मोजली. "साडेदहा तास मागे. रात्रीचे साडेबारा."

"कुठल्या तारखेचे?"

"पंधराच. पंधरा नुकती लागली तिथे."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पृथ्वी गोल असल्याचा आनंद झाला असावा. "म्हणजे अजून सगळा दिवस आहे," असं म्हणत त्यांनी चपला घातल्या, डायरी घेतली, दादानं तिसऱ्या पत्रात 'अडीअडचणीला' म्हणून कळवलेला त्याच्या खोलीचा फोन नंबर काढला. तार उद्या पोचेल, आज फक्त फोन पोचेल, एवढं त्यांना कळत होतं. हिशेबाला म्हणून मलाही बरोबर घेतलं. आई दारात उभी राहिली. "ये म्हणा," ती म्हणाली. "बाकी काही बोलू नका, आधी ये म्हणा."

कॅम्पातल्या टेलिफोन ऑफिसात परदेशचे फोन लावून देत. बाबांनी यापूर्वी कुणालाही परदेशी फोन केला नव्हता. खिडकीतल्या गृहस्थांना त्यांनी अदबीनं विचारलं, "आपल्याकडून साधारण किती वाजता लागेल?"

"लागेल तेव्हा लागेल," गृहस्थ म्हणाले. मान वर न करता.

एरवी बाबांनी त्याला सुनावलं असतं. त्या दिवशी ते "हो हो, बरोबर आहे" म्हणाले आणि बाकावर येऊन बसले. मी हिशेब करून सांगितलं की आपल्या साडेपाचला तिथे सकाळचे सात वाजतील, तेव्हा तो उठलेला असेल पण घरातून निघालेला नसेल. त्या वेळेसाठी नंबर लावला. मग बसून राहिलो. बारा, एक, दोन. शेजारी एक बाई मांडीवर मोसंबी सोलून खात होती, तिनं दोन फोडी मला दिल्या. बाबांना तहान लागली होती, पण पाणी प्यायला उठले नाहीत. मधेच आपलं नाव पुकारलं तर?

तीनच्या सुमारास त्यांनी पिशवीतून एरोग्राम काढला. मी म्हटलं, "आता पत्र कशाला? फोनवर बोलणारच आहात."

"तोंडी बोललेलं हवेत जातं. मागून लेखी हवं," ते म्हणाले आणि डायरी खाली घेऊन लिहायला लागले. मी बाजूलाच होते, ते लिहीत तसं मी वाचत होते. वर नंबर टाकला, सत्तर.

"चि. यास अनेक आशीर्वाद. तुझी पत्रे क्रमांक ६१ व ६२ आज एकदम पोचली. तू ये. स्टेशनवर बोललो ते विसरून जा. तो बापाचा शहाणपणा होता, त्याला अर्थ नव्हता. तू गेल्यापासून या दोन खोल्या मोठ्या वाटतात. तुझ्या आईला आणि मलाही."

एवढंच. आईसाठी दोन बोटं जागा सोडायचंही ते विसरले. पत्राची घडी घालून, कडा जिभेवर ओल्या करून त्यांनी ते चिकटवलं. वडिलांना असं काही लिहिताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी 'तार' हा शब्द ओठांवर येत होता. तेव्हा सांगावं असं दहादा वाटलं. दहाही वेळा मी गिळलं.

पावणेसहाला खिडकीतून हाक आली, "अमेरिका! अमेरिका कोण आहे?"

"मी," असं म्हणत बाबा उठले.

फोनच्या खोलीत आम्ही दोघं कसेबसे मावलो. बाबांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. आधी नुसती खरखर. मग फार लांबून दादाचा आवाज, झोपेतून उठल्यासारखा. "हॅलो?"

"मी बोलतोय. बाबा."

त्या काळी आवाजाला समुद्र ओलांडायला दोन श्वास लागत. मग एकदम, "आई? आईला काय झालं? बाबा, आई कशी आहे?"

आमच्यासारख्यांच्या घरून परदेशी फोन एकाच कारणासाठी जाई. बाबा ओरडून सांगायला लागले की आई ठणठणीत आहे. तिकडून त्याच वेळी दादा विचारत होता, मग कोण, मग काय. दोघं एकदम बोलत आणि एकदम थांबत. फोन तीन मिनिटांचाच मिळे, त्यातली निम्मी घरातलं कुणीही गेलेलं नाही हे पटवण्यात गेली. माझाही आवाज ऐकवला तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला.

"मग फोन का केलात?"

बाबांनी दीर्घ श्वास घेतला. "तुझं पत्र..." ते म्हणाले.

पण त्यांचे शब्द पोचायच्या आत दादा बोलायला लागला होता. "बाबा, मी काल सही केली. चौदालाच. पंधराची वाट पाहिली नाही. तुमचं पत्र कधी एक दिवस उशिरा आलंय का? नाही आलं म्हणजे तुम्ही पाठवलंच नाही, हे मला कळलं. आता पाय रोवून राहीन. तुम्ही म्हणाला होतात तसं. ऐकू येतंय ना?"

मला वाटलं आता ते सांगतील. आई दारात म्हणाली होती ते सांगतील. त्यांनी डोळे मिटले आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "शाब्बास! बरं केलंस! तेच सांगायला फोन केला. थंडीत कानटोपी घाल."

फोन संपला.

बाहेर पडलो तर समोर टपालपेटी होती. बाबांनी खिशातून सत्तर नंबर काढला, पेटीच्या तोंडाशी नेला आणि तसाच धरून उभे राहिले. माणसं बाजूनं जात होती. मग हात मागे घेतला आणि ते पत्र माझ्याकडे दिलं.

"फाडता येत नाही," ते म्हणाले. "लिहिलेलं पत्र लिहिणाऱ्याचं राहत नाही, ज्याच्या नावाचं त्याचं होतं. पण माझ्याजवळ राहिलं तर एखाद्या दिवशी पेटीत टाकून मोकळा होईन. तू ठेव."

"दादाला सांगायचं नाही?"

"सही केलेल्या माणसाला आता ये म्हणणं म्हणजे त्याला दोन्हीकडे उपरा करणं. त्याला कळू देऊ नकोस."

मी पत्र वहीत घातलं. माझंही गुपित त्याच्यासोबत गेलं. घरी आई पायरीवरच बसली होती. बाबा म्हणाले, "त्यानं सही केली. मी शाब्बास म्हटलं." आईनं त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग उठली, आत गेली आणि भाताला तांदूळ धुवायला घेतले. त्यानंतर दादाचं कुठलंही पत्र आलं की ती हातातली कात्री चालवून लगेच उघडी, नंबर न बघता. बाबांनी तिला एकदाही अडवलं नाही.

महिन्याभरानं दादाचं पत्र आलं. "आपली क्रमांक ६९ व ७१ पोचली. ७० नाही." बापाचाच मुलगा. पुढच्या दोन पत्रांतही तीच ओळ. शेवटी बाबांनी लिहिलं, "क्रमांक ७० गहाळ झाले असावे. त्यात विशेष काही नव्हते." टपालात पत्र गहाळ होतं असं माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच लेखी दिलं. ते लिहून झाल्यावर त्यांनी टाक धुऊन ठेवला आणि फिरायला निघून गेले.

पुढे सगळं रीतसर झालं. दादाचं तिकडे लग्न, घर, मुलं. तीन-चार वर्षांनी महिनाभर येई, बॅगेतून चॉकलेटं आणि बाबांसाठी पेनं काढी. आमच्याकडे फोन आला, मग रविवारी सकाळी आठची वेळ ठरली. बाबांनी भिंतीवर दुसरं घड्याळ लावलं, दादाच्या वेळेचं. वर्षातून दोनदा तिकडचे लोक घड्याळ तासभर सरकवतात हे त्यांना कधी पटलं नाही. "सरकारनं घड्याळाला हात लावला तर लोकांनी विश्वास कुणावर ठेवायचा?" असं म्हणत ते स्टुलावर चढत आणि काटा सरकवत. फोनवर मात्र ते दोन वाक्यांच्या पुढे जात नसत. कसा आहेस, थंडी किती. मग रिसीव्हर आईकडे. त्या टेलिफोन ऑफिसातल्या दिवसानंतर त्यांना फोनची भीती बसली होती, असं मला वाटतं. पत्रं लिहीत राहिले, हात चालेपर्यंत. ते गेले, चार वर्षांनी आई गेली. दोन्ही वेळा दादा तिसऱ्या दिवशी पोचला.

सत्तर नंबर माझ्याकडेच होतं. माझं लग्न होऊन मी दुसरीकडे गेले तेव्हा बरोबर नेलं, आई-बाबांच्या शेवटच्या दिवसांत याच घरात परत आले तेव्हा परत आणलं. आई गेल्यावर खरं तर कुणाची भीती उरली नव्हती. पण दादा तेव्हा तिकडे मुलांच्या मुंजी करत होता, आता कशाला, असं वाटे. आणि ते पत्र दिलं की माझ्या खिडकीतल्या उजेडाचंही सांगावं लागणार, हे होतंच.

आता दादा पंचाहत्तरीचा आहे. वहिनी दोन वर्षांपूर्वी गेली. रोज सकाळी साडेसातला मी चहा घेऊन बसते आणि तो तिकडे रात्रीचं जेवण आटोपून फोनच्या पडद्यावर येतो. आवाजाला समुद्र आता आडवा येत नाही. समोरच्या बिल्डिंगमधली पोरगी त्याच सुमाराला हिंजवडीहून कामावरून परतते, अमेरिकेच्या वेळेनं जागलेली, आणि मला हात करते. दादा तिलाही ओळखतो. मी आमटीत काय घातलं हे त्याला दिसतं. अकरा दिवसांनी लहान असलेला दादा आता राहिला नाही, आहे तेवढा म्हातारा समोर दिसतो. इतकं रोज बोलतो, तरी नवं सांगण्यासारखं दोघांकडे फारसं नसतं.

गेल्या वर्षी एका सकाळी तो असाच जुनं काढत होता. बोलता बोलता म्हणाला, "बाबांनी माझ्यासाठी सगळं केलं गं. पण एकदाही ये म्हटलं नाही. पन्नास वर्षं मी वाट बघितली. सुट्टीला आलो तरी पहिला प्रश्न, परत कधी निघणार."

तो हे हसत म्हणाला. मला ते हसू सहन झालं नाही. बाबांचा शब्द मी इतकी वर्षं पाळला होता, त्या सकाळी मोडला. चहा गार झाला तरी बोलत होते. बासष्ट फळीवर होतं ते, एकसष्टचा शिक्का, बाक, मोसंबी, सत्तर. आणि शेवटी खिडकीत धरलेलं पत्र. "मला 'तार' दिसलं होतं दादा. मी बोलले असते तर चार दिवस हातात होते."

पडद्यावर तो हललाच नाही. मला वाटलं नेट गेलं. "ऐकू येतंय ना?"

"येतंय," तो म्हणाला. चष्मा काढून पुसायला लागला, पुसतच राहिला. मग म्हणाला, "एकोणीस वर्षांची होतीस. बाबांना सांगायची माझीही हिंमत नसती झाली."

"त्या पत्राचा फोटो पाठवू? आत्ता दोन मिनिटांत."

"नको," तो म्हणाला. "पोस्टानं पाठव. पत्र आहे ते."

पोस्टात खिडकीतल्या मुलीनं एरोग्राम उलटासुलटा करून बघितला. "काकू, यावर छापलेली किंमत आता चालत नाही."

"मला माहीत आहे. पाकिटात घालते. रजिस्टर करा."

"अर्जंट असेल तर दुसरी सोय आहे, लवकर जाईल."

"आधीच उशीर झालाय," मी म्हटलं, "आता सावकाश जाऊ दे."

तिनं शिक्का मारला. घरी येऊन मी कॅलेंडरवर तारखेभोवती गोल केला. पत्र कुठे पोचलं हे हल्ली फोनवर बघता येतं, पण मी बघितलं नाही आणि दादानंही विचारलं नाही. रोज सकाळी आम्ही आमटी, गुडघे आणि हवा यांवर बोलत राहिलो. बाराव्या दिवशी, तेराव्या दिवशीही तो काही बोलला नाही. सोळाव्या दिवशी त्याचे डोळे सुजलेले दिसले. मी विचारलं नाही.

आणखी तीन आठवड्यांनी खालच्या पेटीत, विजेच्या बिलाखाली, एक पाकीट होतं. बाहेर बाबांचं नाव, आमचा पत्ता, पिनकोडसकट. दादाचं अक्षर आता थरथरतं. दुसऱ्याच्या नावाचं पत्र उघडायचं नाही, म्हणून मी ते देवांच्या फळीवर ठेवलं. तेव्हा कोपऱ्यातला नंबर दिसला. चारशे तेरा. मी बाबांचा जुना गठ्ठा काढून बघितलं. दादाचं त्यांना आलेलं शेवटचं पत्र चारशे बारावं होतं. मधला कुठलाही राहिलेला नव्हता. मग मी कात्री घेतली आणि बाबांच्या खुर्चीत बसून मोठ्यानं वाचलं.

"तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि. आपले पत्र क्रमांक ७० पोचले. ७१ आधी वाचले होते, त्याबद्दल क्षमा असावी. आपण ये म्हणालात. जानेवारीत येतो."